कामाचा पोशाख आणि कामगाराचे वेतन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पेट्रोल पंपावर नळी हाती धरून उभा असलेला मुलगा, कापडदुकानात साड्या उलगडून दाखविणारी विक्रेती, खाजगी रुग्णालयातील आया, बँकेच्या दाराशी बसलेला सुरक्षारक्षक, इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील शिक्षिका या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांच्या अंगावरील कपड्याचा रंग त्यांनी स्वतः निवडलेला नसतो. तो मालकाने ठरविलेला असतो. परंतु कपडा ठरविणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा अशी स्थिती पुष्कळदा असते आणि ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याविषयी कोणी प्रश्नही विचारीत नाही. 'कपडे तर माणूस घालतोच, मग स्वतःच्या पैशाने घेतले तर बिघडले कुठे?' असे उत्तर मालकवर्गाकडून मिळते आणि वरवर पाहता ते पटण्यासारखेही वाटते.

प्रस्तुत लेखात या उत्तराची छाननी करावयाची आहे. वेतनातून कपात करण्यावर आपल्याकडे १९३६ पासून कायद्याचे बंधन आहे. मात्र मालकाच्या आज्ञेवरून कामगाराने बाजारात जाऊन केलेला खर्च त्या बंधनाच्या कक्षेत स्पष्टपणे येत नाही. वेतनपत्रकावर रक्कम पूर्ण दिसते, ती बँकेत पूर्ण जमा होते आणि तरीही कामगाराच्या हाती किमान वेतनाहून कमी उरते. हे कसे घडते ते पाहण्यासाठी भंडारा जिल्हा सोयीचा आहे, कारण संघटित आणि असंघटित उद्योगांची दोन्ही टोके येथे काही मैलांच्या अंतरात आढळतात.

पट्टेवाला आणि सालदार

मराठीत शिपायाला 'पट्टेवाला' हे नाव पडले ते त्याच्या खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यामुळे व त्यावरील पितळी बिल्ल्यामुळे. पट्टा आणि बिल्ला सरकारचा असे आणि नोकरी सुटली की तो परत करावा लागे. वस्तू अधिकाराची खूण आहे, म्हणून ती अधिकार देणाऱ्याने पुरवावी, हा विचार त्यामागे होता. पुढे चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना मिळणारा गणवेश व धुलाई भत्ता ही याच परंपरेची नोकरशाहीतील वाढ होय.

खेड्यातील व्यवहार वेगळ्या वाटेने चालला. वर्षाच्या कराराने राहणाऱ्या सालदाराच्या ठरावात धान्य व रोख रकमेबरोबर धोतर, सदरा, पायताण आणि कधी घोंगडी यांचाही समावेश असे. यावरून पूर्वीचा मालक उदार होता असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. दिलेले कापड हा वेतनाचाच भाग होता आणि त्याची किंमत मालकच ठरवीत असे. वस्तुरूप वेतनाचा हा दोष जगभर ओळखला गेला आणि म्हणूनच आधुनिक कामगार कायद्यांनी वेतन चलनात द्यावे असा आग्रह धरला. या आग्रहाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की वेतन रोख झाले, पण कामासाठी लागणाऱ्या वस्तूंची जबाबदारी कोणाची हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी अनुत्तरित राहिला.

याचे जिल्ह्यातील सर्वांत जुने उदाहरण कापडाचे नसून विडीचे आहे. घरी बसून विड्या वळणारी स्त्री कात्री, सूप आणि पान कापण्याचा पत्रा स्वतःचा वापरते. कारखान्याकडून मिळालेली तेंदूपाने कमी पडली तर ठरलेली संख्या भरून देण्यासाठी ती पदरमोड करून पाने विकत घेते, हे विडी उद्योगावरील अभ्यासांतून वारंवार नोंदले गेले आहे. छाटात गेलेल्या विड्यांची मजुरी तर मिळतच नाही. उत्पादनाच्या खर्चाचा एक अंश मजुरीच्या दरात न दाखविता मजुराकडे सरकविण्याची ही रीत आहे. गणवेशाच्या बाबतीत तीच रीत शहरी दुकानात अवतरलेली दिसते.

कायद्यातील तरतुदी

'रॉयल कमिशन ऑन लेबर' या १९२९ मध्ये नेमलेल्या आयोगाने दंड व कपातींच्या अनिर्बंध वापराकडे लक्ष वेधले आणि त्यातून वेतन प्रदान अधिनियम, १९३६ आकारास आला. त्याच्या कलम ७ ची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. अनुज्ञेय कपातींची यादी कायद्यातच दिलेली होती. त्या यादीत नसलेली कोणतीही कपात बेकायदेशीर ठरे. गैरहजेरी, दंड, कामगाराच्या स्वाधीन केलेल्या मालाचे नुकसान, घरभाडे, भविष्य निर्वाह निधी अशा बाबी यादीत होत्या. गणवेशाचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. शासनाने मान्य केलेल्या 'सुखसोयी व सेवा' यांसाठी कपात करता येत असे, परंतु त्याच खंडाच्या स्पष्टीकरणात कामासाठी लागणारी हत्यारे व कच्चा माल पुरविणे म्हणजे 'सेवा' नव्हे, असे बजावलेले होते. सुरक्षारक्षकाचा गणवेश हे त्याच्या कामाचे साधन मानावे की त्याला पुरविलेली सोय? माझ्या मते ते साधनच होय. गणवेशावाचून त्याला फाटकाशी उभेच राहू दिले जात नाही, आणि घरी परतल्यावर तो कपडा त्याच्या काही उपयोगाचा नसतो.

याहून महत्त्वाचे एक स्पष्टीकरण त्याच कलमात होते. कामगाराने मालकाला किंवा मालकाच्या प्रतिनिधीला दिलेली कोणतीही रक्कम ही वेतनातील कपातच समजली जाईल, असे त्यात म्हटले होते. वेतन पूर्ण देऊन दुसऱ्या दाराने पैसे परत घेण्याची युक्ती १९३६ मधील विधिकर्त्यांना ठाऊक होती असे दिसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९३६ च्या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. संहितेच्या कलम १८ मध्ये अनुज्ञेय कपातींची यादी, हत्यारांविषयीचे स्पष्टीकरण आणि मालकाला दिलेल्या रकमेविषयीचे स्पष्टीकरण ही तिन्ही कायम ठेवण्यात आली आहेत. फरक असा की १९३६ चा कायदा विशिष्ट वेतनमर्यादेपर्यंतच लागू होता आणि ही मर्यादा २०१७ पासून दरमहा २४,००० रुपये होती. संहितेत अशी मर्यादा नाही. तसेच एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक असू नये, हे बंधन आहे.

म्हणजे मालकाने अथवा कंत्राटदाराने गणवेशापोटी पगारातून हप्ते कापले, किंवा रुजू होताना 'ड्रेसची अनामत' म्हणून रोख रक्कम घेतली, तर ती कपात कोणत्या खंडात बसते हे त्याला दाखवावे लागेल. संहितेच्या कलम ५९ नुसार अनधिकृत कपातीचा दावा दाखल झाल्यास रक्कम दिली आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कलम ४५ खाली दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि प्राधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववता येते. पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती. कागदावर तरी कामगाराची बाजू बळकट झाली आहे.

अडचण सुरू होते ती यापुढे. मालक रक्कम घेतच नाही. तो म्हणतो, 'आकाशी शर्ट, काळी पँट, काळे बूट, सोमवारपासून घालून या.' कामगार ते गावातील दुकानातून घेतो. पैसे दुकानदाराला जातात आणि दुकानदार हा मालकाचा प्रतिनिधी नसतो. त्यामुळे 'मालकाला दिलेली रक्कम' हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. मालकाने एकच दुकान नेमून दिले असेल आणि बोधचिन्ह भरतकाम केलेला शर्ट तेथेच मिळत असेल, तर तो दुकानदार प्रतिनिधी ठरू शकतो, असा युक्तिवाद करता येईल. परंतु आठ-दहा हजारांवर काम करणारा माणूस त्या युक्तिवादासाठी प्राधिकाऱ्यासमोर जाईल, अशी अपेक्षा बाळगणे व्यवहार्य नाही.

वेतनाच्या व्याख्येतही या खर्चाची ओळख आहे. कामाच्या स्वरूपामुळे कामगारावर पडणारे विशेष खर्च भागविण्यासाठी दिलेली रक्कम 'वेतन' या संज्ञेतून वगळलेली आहे. १९३६ मध्येही ती वगळलेली होती आणि २०१९ च्या संहितेतही आहे. असे खर्च असतात हे कायद्याला मान्य आहे. परंतु ते मालकाने भागविलेच पाहिजेत, असे तो म्हणत नाही. या वगळण्याचा एक उपयोग मात्र ध्यानी घ्यावा. गणवेश भत्ता वेगळा दाखवून तो किमान वेतनाच्या रकमेत मोजून घेणे या व्याख्येशी विसंगत ठरते.

संरक्षक पोशाखाची गोष्ट वेगळी आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २२ नुसार चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे बंधन होते आणि ते कपडे भोगवटादाराने पुरवावेत, असे तेथेच कंसात नमूद होते. कलम ११४ ने अधिनियमाखाली पुरवावयाच्या साधनांबद्दल कामगाराकडून शुल्क घेण्यास मनाई केली होती. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम ६ मध्ये हीच मनाई अधिक व्यापक शब्दांत आहे. सुरक्षा व आरोग्य यांसाठी केलेल्या किंवा पुरविलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार कर्मचाऱ्यावर बसविता येत नाही. हातमोजे, शिरस्त्राण, सुरक्षा बूट यांबाबत म्हणूनच संदिग्धता नाही. संदिग्धता आहे ती ओळखीसाठी किंवा शोभेसाठी सक्तीच्या केलेल्या कपड्यांबाबत.

जिल्ह्यातील चित्र

तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीज खाणी 'मॉईल' या सार्वजनिक कंपनीच्या आहेत. जवाहरनगर येथील आयुध निर्माणी १९६० च्या दशकात उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२१ पासून ती 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या कंपनीत समाविष्ट झाली. वरठीचा पोलाद कारखाना आणि गडेगावचा वाहन कारखाना हे खाजगी क्षेत्रातील मोठे उद्योग. अशा उद्योगांतील कायम कामगाराला पोशाख मिळतो तो प्रामुख्याने कायदा, वेतन आयोग आणि संघटनांनी केलेले करार यांमुळे. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचे गणवेश, धुलाई, बूट इत्यादी भत्ते एकत्र करून एकच पोशाख भत्ता ठरविण्यात आला. बहुतेक प्रवर्गांसाठी त्याचे वार्षिक टप्पे ५,०००, १०,००० व २०,००० रुपये असे होते. शासनाच्या हिशेबी वर्षभराचा पोशाख राखण्यास किती पैसे लागतात, याचा एक अंदाज या आकड्यांतून मिळतो.

राज्य परिवहन महामंडळाचे उदाहरणही बोलके आहे. चालक-वाहकांना पूर्वी कापड व शिलाईची रक्कम मिळे. जानेवारी २०१८ मध्ये त्याऐवजी तयार गणवेश देण्यात आले, तेव्हा मापात न बसणाऱ्या कपड्यांबद्दल तक्रारी झाल्या. वाद मापाचा होता. गणवेश कोणी द्यावयाचा याबद्दल वाद नव्हता, कारण तो संघटित कामगारांनी पूर्वीच निकालात काढला होता. अशी चालत आलेली सवलत मालकाला मनात आले म्हणून बंदही करता येत नसे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ व चौथ्या अनुसूचीप्रमाणे रूढ सवलत काढून घेण्यापूर्वी नोटीस देणे बंधनकारक होते आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही तशी तरतूद आहे.

आता याच कारखान्यांच्या, बँकांच्या, रुग्णालयांच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कंत्राटी रक्षकाकडे पाहावे. खाजगी सुरक्षा अभिकरण (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम २१ मध्ये गणवेशाचा विचार आहे, पण तो वेगळ्या दिशेने. लष्कर अथवा पोलिसांसारखा दिसणारा पोशाख घातल्यास रक्षक आणि अभिकरणाचा मालक या दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जो कपडा रक्षकाने निवडला नाही, त्याबद्दल शिक्षेत मात्र तो भागीदार आहे. खर्चाच्या प्रश्नाला हे कलम स्पर्श करीत नाही.

हा खर्च किती जड पडतो हे एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, रक्षकाचे मासिक वेतन १०,००० रुपये आहे. दोन जोड कपडे शिलाईसह १,८०० रुपये आणि बूट ७०० रुपये, असे एकूण २,५०० रुपये झाले. वर्षाच्या १,२०,००० रुपयांच्या मानाने हा खर्च सुमारे दोन टक्के आहे आणि मालक नेहमी याच प्रमाणाकडे बोट दाखवितो. परंतु कामगाराला तो पहिल्या महिन्यात, पहिले वेतन हाती येण्यापूर्वी करावा लागतो. त्या महिन्यापुरते पाहिले तर तो पंचवीस टक्के होतो. त्यासाठी उसनवारी करावी लागते आणि उसनवारीवर व्याज असते. दोन महिन्यांत नोकरी सुटली तर हे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर थांबते आणि कपडे निरुपयोगी होतात. ज्या कामात माणसे फार काळ टिकत नाहीत, तेथेच गणवेशाचा भार सर्वाधिक असतो.

यात धुलाई आलेली नाही. पांढरा शर्ट रोज धुवावा लागतो, त्यास इस्त्री लागते, साबण लागतो आणि हे काम बहुधा घरातील स्त्री करते. तिचे श्रम कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत. खाणीतील अथवा भातगिरणीतील धुळीने माखलेला कपडा घरी येतो तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. मॅंगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे. असा कपडा घरच्या कपड्यांबरोबर धुतला जाऊ नये आणि शक्यतो कामाच्या जागीच बदलला जावा. कारखाने अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये कपडे ठेवण्याच्या व वाळविण्याच्या जागेची तरतूद करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिलेला होता, यामागे हाच विचार असावा. कायम कामगाराला लॉकर आणि स्नानगृह मिळते. कंत्राटी कामगार पुष्कळदा त्याच कपड्यांत सायकलवर बसून गावी जातो.

आयकराची एक बाब येथे आठवते. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१४) खाली गणवेशाच्या खरेदीसाठी व देखभालीसाठी मिळालेल्या भत्त्यातील प्रत्यक्ष खर्चापुरती रक्कम करमुक्त होती. ज्याला भत्ता मिळतो त्याला करसवलतही मिळाली. ज्याला भत्ताच मिळत नाही त्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही.

अन्य देशांतील भूमिका

बाजारातील खरेदीचा हा पेच इतर काही देशांत कसा सोडविला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील संघीय नियमांनुसार किमान वेतन कामगाराला 'निर्वेधपणे' मिळाले पाहिजे. मालकाच्या हितासाठी लागणारी साधने कामगाराला घ्यावयास लावल्यामुळे वेतन किमान पातळीखाली जात असेल, तर तो कायद्याचा भंग होतो. कॅलिफोर्निया राज्याने याही पुढे जाऊन, गणवेश सक्तीचा असेल तर तो मालकानेच पुरवावा व त्याची निगाही राखावी, असा नियम केला आहे.

ब्रिटनचा नियम आपल्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. तेथे कामासाठी कामगाराने केलेला खर्च, मग पैसे मालकाला दिलेले असोत वा दुकानदाराला, किमान वेतनाची मोजणी करताना वेतनातून वजा धरला जातो. मार्च २०१८ मध्ये तेथील शासनाने किमान वेतन न देणाऱ्या मालकांची यादी प्रसिद्ध केली. तीत 'वागामामा' या उपाहारगृह कंपनीचे नाव होते. कंपनी आपले बोधचिन्ह असलेला वरचा कपडा देत असे, परंतु त्याखाली काळी जीन्स किंवा काळा स्कर्ट कर्मचाऱ्यांनी स्वतः घ्यावा, अशी तिची अट होती. तेवढ्या एका अटीमुळे २,६३० कर्मचाऱ्यांचे वेतन किमान पातळीखाली गेल्याचे ठरले आणि कंपनीला १,३३,२१२ पौंड परत द्यावे लागले. काळी पँट कोणीही कोठेही वापरू शकतो, हा बचाव तेथे उपयोगी पडला नाही.

आपल्या संहितेच्या कलम १८ मधील स्पष्टीकरणात 'मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला' या शब्दांपुढे 'अथवा मालकाच्या आज्ञेवरून अन्य कोणालाही' एवढी भर पडली, तरी हा पेच बऱ्याच अंशी सुटेल. तोपर्यंत किमान वेतन अधिसूचित करणाऱ्या राज्य शासनाला गणवेशाच्या खर्चाचा स्वतंत्र निर्देश करता येण्यासारखा आहे.

शिक्षणसंस्थांचा संबंध

हा विषय आपल्या आवारापासून दूर नाही. राज्य शासनाने ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाद्वारे शासकीय कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी सूचना दिल्या व आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असे सुचविले. १५ मार्च २०२४ रोजी शालेय शिक्षकांच्या पोशाखाविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कुर्ता व दुपट्टा, पुरुषांनी शर्ट-पँट, तोही फिक्या व गडद रंगांच्या संगतीत, असा त्यांचा आशय होता. नियमित वेतनश्रेणीतील शिक्षकाला यात आर्थिक भार जाणवत नाही. तासिका तत्त्वावरील अथवा विनाअनुदानित शाळेतील शिक्षिकेला ठरावीक रंगाच्या काठाच्या साड्या दरवर्षी घ्यावयास सांगितले, तर त्याची किंमत तिच्या मानधनातूनच जाते. या दोघींना एकच नियम लागू करताना हा फरक कोणी विचारात घेत नाही.

महाविद्यालयांत सफाई, सुरक्षा व शिपाई ही कामे कंत्राटाने देण्याची पद्धत वाढत आहे. निविदा मागविताना सर्वांत कमी दर स्वीकारला जातो. दर कमी करण्यासाठी कंत्राटदाराला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी व विमा यांत उघडपणे हात घालता येत नाही. गणवेशाच्या रकान्यात मात्र 'समाविष्ट' एवढाच शब्द लिहिलेला असतो आणि काटछाट तेथे होते. निविदेत दोन जोड कपडे व बूट यांची रक्कम स्वतंत्र दाखविण्याची अट घालणे, देयकासोबत खरेदीची पावती व कामगाराच्या सहीची पोच मागणे आणि रुजू होण्यापूर्वी कपडे वाटल्याशिवाय काम सुरू करू न देणे, एवढे प्राचार्य व खरेदी समिती यांच्या अधिकारात सहज बसते. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

कंत्राट बहुधा वर्षाचे असते. ३१ मार्चला जुने संपते आणि नवा कंत्राटदार येतो. फाटकाशी माणूस तोच राहतो, फक्त त्याच्या शर्टाचा रंग आणि खिशावरील बोधचिन्ह बदलते. नवा शर्ट १ एप्रिललाच अंगावर असावा लागतो आणि वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे एप्रिलचे वेतन त्याला मिळते ते मे महिन्याच्या सात तारखेपर्यंत.